मेमसाबचं लुगडं

माझं लग्न ठरलं तेव्हा मध्यस्थाने सांगितलं होतं, मुलगा एकटा आहे, सासू नाही, नणंद नाही, पोरगी सुखात राहील. सगळं खरं निघालं. अंगणात सवत उभी आहे, एवढंच सांगायचं राहून गेलं.

ती सवत म्हणजे ट्रक. मोठ्या लढाईच्या वेळी अमेरिकेतून आलेला, पुढे लिलावात निघालेला, लांब नाकाचा आणि पेट्रोलवर चालणारा. पवनीत डिझेलच्या गाड्या येऊन जुन्या झाल्या, तरी आमचे हे, म्हणजे श्यामराव, त्यातूनच धानाची पोती वाहायचे. त्याला ट्रक म्हटलेलं त्यांना खपत नसे. तिचं नाव मेमसाब. सकाळी उठलं की आधी मेमसाबला पाणी, मग ह्यांना चहा. मला ताप आला तर "पडून राय जराशीक" म्हणून मोकळे व्हायचे. आणि उन्हाळ्यात मेमसाबचा पेट्रोल पंप तापला की ओल्या फडक्याच्या पट्ट्या घेऊन तासतासभर तिच्या उशाशी बसायचे.

"माया कपाळावर कधी ठेवली का अशी पट्टी?" मी एकदा विचारलंच.

"तू बोलून तरी दाखवतं," हे म्हणाले. "थे बिचारी मुकी."

तेव्हापासून मी ठरवलं होतं की या मुक्या बाईला एक दिवस भंगारात घालवल्याशिवाय राहायचं नाही.

ती संधी चौऱ्याहत्तरच्या वैशाखात आली. माझा धाकटा भाऊ भोजराज, त्याचं लग्न ठरलं. मुलगी आंबागडची, किल्ल्याच्या पायथ्याच्या गावची. पवनीहून भंडारा, तिथून मोहाडी, तुमसर आणि मग आंबागड. एवढा लांबचा रस्ता आणि मुहूर्त गोरजाचा. मी म्हटलं, भाड्याने धड गाडी करा. झालं, ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मेव्हण्याची वरात आणि परक्याच्या गाडीतून? मग पवनीत तोंड कसं दाखवायचं?

आमचं बोलणं माझ्या माहेरी चाललं होतं, बाबांच्या मागासमोर. बाबा, खेमराज, कोसा या रानरेशमाचे विणकर. पवनीत त्यांच्या करवती काठाच्या लुगड्यांना नाव होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली आणि माग थांबला. आमच्यात मागावर हात ठेवून कोणी खोटं बोलत नाही. हे ताडकन उठले आणि त्यांनी मागावर हात ठेवला.

"मेमसाब गोरजाच्या आंधी आंबागडले नाई पोचली, तं मी तिले तुमसरच्या भैय्यालालच्या भंगारात घालीन. बस?"

"बस," मी म्हटलं. बाबा नुसते हसले. मी मात्र त्या रात्री फार गोड झोपले.

वरात सकाळी निघाली. मागे साठ माणसं, वाजंत्री, आणि वर बांधलेली आहेराची गाठोडी. आई नव्हती, म्हणून वरमाईच्या जागी मी, पुढे ह्यांच्या शेजारी बाबा आणि मी. मांडीवर माझी पत्र्याची पेटी. पेटीत मांडवात नेसायचं लुगडं. बाबांनी नजर जायच्या आधी विणलेलं शेवटचं. नऊवारी, कोशाचा अस्सल मधासारखा रंग आणि लाल करवती काठ. तीन वर्षं ते मी अंगाला लावलं नव्हतं. भावाच्या लग्नाला राखून ठेवलं होतं.

भंडाऱ्याला नंदलाल चढला. हा माझा मावसभाऊ जवाहरनगरला फॅक्टरीत नोकरीला. तिथे तो घोंगड्या आणि बुटांच्या नोंदवह्या लिहायचा, पण आमच्या सगळ्या गोतात त्याला इंजिनीयर समजत. तोही कोणाचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नसे.

वरठी मागे टाकली, मोहाडी अजून यायची होती, ऊन डोक्यावर आलं होतं. तिथे मेमसाबने दोन उचक्या दिल्या आणि रस्त्याच्या कडेला, एका मोहाच्या झाडाखाली ती गप्प झाली.

खरं सांगते, मला आतून उकळ्या फुटल्या. चेहरा तेवढा गंभीर ठेवला.

ह्यांनी नेहमीप्रमाणे पंपावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. पाच झाल्या, दहा झाल्या. मग त्यांनी पंप खोलला. गडूएवढा पंप, सहा स्क्रू. त्याच्या पोटात एक गोल पडदा असतो. तो खालीवर हलला की टाकीतलं पेट्रोल ओढलं जातं आणि इंजिनात जातं. तो पडदा मधोमध टराटरा फाटला होता.

"चंद्रा," हे म्हणाले, "पडदा गेला वं."

"अरे देवा," मी म्हटलं. माझ्या आवाजात दुःख होतं असं मी अजूनही शपथेवर सांगीन, फक्त मागावर हात ठेवून नाही.

मग जो तो शहाणा झाला. पहिला उपाय ह्यांचाच. टपावर पेट्रोलचा डबा ठेवायचा आणि नळीने थेट इंजिनात सोडायचं, पंपाची भानगडच नको. उपाय चांगला होता. पण डोक्यावर उघडा पेट्रोलचा डबा आणि मागे चाळीस बिड्या पेटलेल्या. ह्यांनी हात जोडून सांगितलं की आंबागडपर्यंत बिड्या बंद ठेवा. त्यावर मागून आवाज आला, "जावईबापू, आमी वरातीले चाललो का तेरवीले?" तो उपाय तिथेच बारगळला.

मग नंदलालने बाह्या सरसावल्या. "ट्यूबचा रबर कापा. फॅक्टरीत असंच करून रायले आमी." जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून बसवला. मेमसाब सुरू झाली! वाजंत्र्यांनी वाजवायला घेतलं, नंदलालने छाती काढली. अर्धा मैल गेलो असू. पुन्हा उचक्या, आणि पुन्हा एका मोहाखालीच गप्प. खोलून पाहिलं तर पेट्रोल पिऊन तो रबर तेलातल्या पुरीसारखा टम्म फुगला होता. नंदलाल म्हणाला, रबर गावठी आहे.

कोणी चपलेचं कातडं पुढे केलं. त्यातून पेट्रोल नुसतं ठिबकत राहिलं. मग चार जणांची नजर एकदम डफाकडे गेली. डफवाला त्याच्यावर बसला आणि आंबागड येईपर्यंत उठला नाही.

तीन वाजले. बातमी आली की चारच्या सुमारास तुमसरची एसटी येते. बस भरूनच येणार, पण नवरदेव आणि चार-पाच माणसं कशीतरी कोंबता येतील. नंदलालने त्या चार-पाचांत पहिलं नाव आपलं घातलं. म्हणजे लग्न लागणार होतं. वरात मात्र मोहाच्या झाडाखालीच राहणार होती आणि मेमसाब भंगारात जाणार होती. मला आणखी काय हवं होतं?

इतका वेळ बाबा पेटीला टेकून शांत बसले होते. म्हणाले, "जावईबापू, थो फाटला पडदा माया हातात द्या जरा."

ह्यांनी दिला. बाबांनी तो दोन बोटांत धरून चोळला, फाटलेल्या कडेला नखाने एकेक थर सुटा केला.

"हे तं कापडच हाय," बाबा म्हणाले. "चार थराचं. वरून रोगण लावलं. इकडं तिकडं चामडं काहून शोधून रायले तुमी?"

बाबा पुढे बोलत होते, जणू मागावरच बसलेत. "सुती नाई चालनार, त्याची वीण इरळ. कोसा पायजे. चार थर, मंधात भाताच्या पेजेची खळ. वरून साबन घासा. पेट्रोलात ना खळ इरघळत, ना साबन. कोसा असता तं झालं असतं काम."

"कोसा कुठून आनाचा आता इथी, मामाजी?" हे म्हणाले.

मी पेटीवर हात ठेवून बसले होते. मला फक्त तासभर गप्प बसायचं होतं. सात वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस आणि माझ्यामध्ये एका पेटीचं झाकण होतं, आणि ते बंदच होतं. कोणी मला विचारलंही नव्हतं. न विचारता कशाला सांगा?

हे उठले. मला वाटलं, चिडतील, पंपाला लाथ घालतील, नंदलालला चार शब्द ऐकवतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. त्यांनी मेमसाबच्या नाकावर बांधलेली झेंडूची माळ हळूच सोडली, गुंडाळून झाडाच्या बुंध्याशी ठेवली. मग माझ्याजवळ आले.

"जितली तू," म्हणाले. "परवा भैय्यालालले निरोप धाडतो."

बस, एवढंच. आवाजात राग नाही, टोमणा नाही. बॉनेटवर तेवढा एकदा हात फिरवला, माणूस मेलेल्या बैलावर फिरवतो तसा. मला इतका राग आला! त्यांचा नाही, माझा. भांडणात जिंकायचं तर समोरच्याने भांडायला नको का? हा माणूस हरून असा उभा राहिला तर ती जीत घेऊन मी काय करू?

मी पेटी उघडली.

"बाबा, हे चालंन का पाहा," मी लुगड्याचं आतलं टोक त्यांच्या हातात दिलं. "जुनी चिंधी हाय. बांधाबुंधाले आनली होती."

बाबांनी अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा. प्रत्येक लुगड्याच्या सुरुवातीला दोन बोटं ते वीण घट्ट ठेवायचे, ही त्यांची खोड. अंगठा तिथे थांबला. बाबांच्या बंद पापण्या जरा हलल्या. मला वाटलं, आता ते माझा कान धरतील.

"घट्ट वीन हाय तिकडून काप," ते म्हणाले. "काठ सोडून. थेच पक्कं."

ह्यांनी लुगडं ओळखलं होतं. ते ओरडले, "अवं, हे काय करून रायली? थे नोको!"

"तुमी स्क्रू सांभाळा," मी म्हटलं आणि कात्री घातली. वीतभर पट्टी निघाली. कोसा कापताना फार आवाज करत नाही. करत असता तर मी रडले असते.

बाबांना दात नव्हते, म्हणून त्यांच्या डब्यात वरातीतही भाताची पेजच होती. त्यांची दुपारची पेज मेमसाबने खाल्ली. साबण नंदलालच्या पिशवीतून निघाला, सरकारी माणसाचा, गुलाबाच्या वासाचा. चार थर, मधे खळ, वरून साबण, आणि ते सगळं मी बॉनेटवर पसरलं. वैशाखाच्या उन्हात तो पत्रा तव्यापेक्षा तापला होता. पडदा पापडासारखा खडखडीत वाळला. बाबांनी हातात घेऊन तो दोनदा वाकवला आणि मान हलवली.

सहा स्क्रू बसले. ह्यांनी हँडल मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मेमसाब गुरगुरली, आणि सगळ्या मोहाडी रस्त्यावर पेट्रोलबरोबर गुलाबाचा वास सुटला. माळ पुन्हा नाकावर चढली. मागून चारची एसटी आली आणि निघून गेली. नंदलाल तिच्याकडे पाहत राहिला.

आंबागडच्या वेशीत आम्ही शिरलो तेव्हा गाई परतत होत्या. मेमसाब गाईंच्या मागोमाग, धुरळ्यातच गावात आली. यापेक्षा जास्त गोरज मुहूर्त कोणाला साधता येईल? मुलीचे वडील वाट पाहून घामाघूम झाले होते.

"एवढा उशीर काहून जी झाला?"

हे उतरले, अंगावरचं पेट्रोल पुसत म्हणाले, "मेमसाब लुगडं नेसून रायली होती."

मुलीच्या वडिलांना वाटलं, वरपक्षाच्या जावयाने जरा घेतलेली दिसते. त्यांनी विषय वाढवला नाही.

मांडवात मी तेच लुगडं नेसले. वीतभर आखूड झालं होतं, पण ते आतल्या टोकाला, कोणाला कळणार? अक्षता पडल्यावर मी बाबांच्या पाया पडले. त्यांनी माझा पदर हातात घेतला आणि त्यावरच्या पट्ट्या बोटाने चाचपल्या. ते काम सगळ्यात नाजूक. त्या पट्ट्या विणतानाच त्यांची नजर गेली होती.

"चिंधी बरी हाय," ते हळूच म्हणाले. "लुगडं काय, अंगावर फाटलं काय अन् पंपात फाटलं काय. काम करून फाटावं. पदर तेवढा शाबूत ठेव, बाई."

हे शेजारीच उभे होते. त्यांनी ते ऐकलं, पण तेव्हा मला वाटलं त्यांचं लक्ष जेवणावळीकडे आहे.

आता कोणी म्हणेल की दुसऱ्या दिवशी नवा पडदा आणला असेल. आणायला हे नागपूरला गेले होते. दुकानदाराने पंप उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, हा कोणाच्या राज्यातला? जीपचा पडदा आणून बसवला, तो बसला नाही. आणि कोशाचा पडदा दीडेक महिना चालायचा, मग झिजायचा. एका वितीत दोन पडदे निघत. म्हणजे तिसऱ्या महिन्याला कात्री.

पहिल्या वेळी हे म्हणाले, "राहू दे, जाऊ दे तिले भंगारात." मीच म्हटलं, "पोचली ना थे गोरजाच्या आंधी? मंग बोलाची सोय नाई." मागावरची शपथ होती, ती दोन्हीकडून पाळावी लागते. खरं कारण वेगळं होतं. मेमसाब दारातून निघाली की बाबांचा कोसा तिच्या पोटात खालीवर होतोय, हे मला आवाजावरून कळायचं. बाबा आमच्याकडे आले की अंगणात कान देऊन बसत आणि सांगत, "खळ कमी पडली यावेळी."

दर तिमाहीला माझं लुगडं वीतभर कमी होत गेलं. नऊवारीचं आठवारी झालं, मग सातवारी. तीन वर्षांनी ते सहावारी झालं तेव्हा शेजारची कौशल्याबाई म्हणाली, "चंद्रकांता, तू पन आता शहरातल्यावानी गोल पातळ नेसून रायली!" मी म्हटलं, काय करू, फॅशन आहे. पुढे नेसताच येईना, तेव्हा पेटीत घडी करून ठेवलं. घडी दरवर्षी लहान होत गेली. मी मेमसाबला सवत म्हणायची, तर ही असली सवत, जिने माझं लुगडं वीतवीत करून नेसलं आणि मी ते स्वतः कापून दिलं.

एकोणऐंशीच्या थंडीत बाबा गेले. भोजराजने कापडाचं दुकान टाकलं होतं, घरात जागा नव्हती, म्हणून बाबांचा माग आम्ही आमच्या अंगणातल्या छपरीत आणून ठेवला, मेमसाबच्या शेजारी. दोघांच्या मध्ये एक माणूस जेमतेम उभा राहील.

ब्याऐंशीच्या दिवाळीनंतर मेमसाब छपरीतच बंद पडली. ह्यांनी पंप खोलला. मी पेटी उघडली. घडीत आता फक्त पदर होता.

मी पेटी लावली. त्यांनीही तो पदर पाहिला होता. आठवडाभर हे तिला पाणी द्यायलाही गेले नाहीत. मग एका सकाळी तुमसरहून भैय्यालाल भंगारवाला दारात हजर. ह्यांनी मला न सांगता निरोप धाडला होता.

भैय्यालाल मेमसाबभोवती दोनदा फिरला. "घेतो," म्हणाला. "पन चालवत आनून द्या. एवढं धूड तुमसरवरी ओढत न्याले मायाजवळ काई नाई."

"बंद हाय थे," हे म्हणाले.

"माहीत हाय मले. साऱ्या जिल्ह्याले माहीत हाय. वीतभर कोसा लावा अन् आना. एक खेप तं चालन?"

मी दारात उभी होते. आठ वर्षं ज्याच्यासाठी लुगडं कापलं, त्या माणसाचा चेहरा मला दिसत होता. तिला चालवत नेऊन, स्वतःच्या हाताने भंगारात उभी करून, बसने परत यायची त्याची तयारी होती. वीतभरच तर लागणार होतं. मी आत गेले. पेटी उघडली, पदर बाहेर काढला, कात्री घेतली.

"कापड संपलं," बाहेरून ह्यांचा आवाज आला.

मी तशीच थांबले.

"संपलं कसं? काल तुमचा मेव्हनाच सांगत होता, अजून..."

"सांगून रायलो ना, संपलं. तुकडा नाई घरात." आवाज चढला होता. "चालत नाई, अन् मी तिले बैलानं ओढून बी नेऊ देनार नाई. राहू दे तिले इथीच. चहा घे अन् जा."

मी कात्री ठेवून खिडकीपाशी आले. छपरीत, मेमसाब आणि माग यांच्या मधल्या त्या अरुंद जागेत हे उभे होते. माग डाव्या हाताशी होता. हात त्यांनी उजवीकडे, बॉनेटवर ठेवला होता.

मी पदर घडी करून पेटीत ठेवला आणि चहा टाकला. आधी ह्यांना नेऊन दिला. मग बादली भरली आणि मेमसाबला पाणी घालून आले.